नागरी सहकारी बँका: संचालक मंडळातली विविधता आणि थकीत कर्जं यांचा खरंच संबंध आहे का?

सभासद_सांगली

आमच्या भागातल्या एका मध्यम नागरी सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल काही सभासद मिळून वाचतोय. बँकेचं नाव मुद्दाम देत नाही. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतलेत: ठेवी ६०० कोटी, कर्जं ४२० कोटी, टियर-१ भांडवल (बँकेचं स्वतःचं मुख्य भांडवल) ६० कोटी, संचालक १७. अहवालाच्या पहिल्याच पानावर 'सर्व समाजघटकांना प्रतिनिधित्व देणारं, तज्ज्ञ संचालकांनी परिपूर्ण मंडळ' असं छापलंय. दोन महिला संचालक आहेत, दोन सीए आहेत, एक वकील आहेत.

प्रश्न असा की मंडळात वेगवेगळ्या प्रकारची माणसं असली की कर्जं कमी बुडतात, याला काही आधार आहे का? असेल तर अहवालातून ते तपासायचं कसं? कायदा, संशोधन, कर्ज विभागातला व्यवहार, कोणत्याही बाजूने लिहा.

तारणगहाण

कर्ज विभागाच्या बाजूने सांगतो. विविधतेचा परिणाम सगळ्यात आधी कर्जांच्या एकवटण्यात दिसतो. एनपीए (थकीत कर्जांचा आकडा) त्याच्या दोन-तीन वर्षं मागून येतो.

नागरी बँकेत कर्जदार बरेचदा संचालकाच्या ओळखीतून येतो. त्यात गैर काही नाही, सहकारी बँक उभीच त्यावर राहते. पण १७ पैकी ९ जण एकाच व्यवसायाच्या साखळीतले असले की पाच वर्षांत कर्जखातंही त्याच साखळीत जाऊन बसतं. इचलकरंजीचं उदाहरण घ्या. सूत व्यापारी, सायझिंगवाला (सुताला खळ लावून देणारा), यंत्रमागधारक, प्रोसेसर आणि तयार कापडाचा अडत्या ही अहवालात पाच वेगळी नावं दिसतील. त्यातली काही 'व्यापार'मध्ये जातील, काही 'लघुउद्योगा'त. पण सुताचा भाव कोसळला किंवा कापडाचं पेमेंट ३० दिवसांवरून १२० दिवसांवर गेलं की पाचही खाती एकाच तिमाहीत ओढली जातात. कागदावरचं पंचक्षेत्री वाटप तिथे उपयोगाचं नाही.

कायद्याने मर्यादा आहेत. मार्च २०२० च्या परिपत्रकापासून एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या १५ टक्के आणि एकमेकांशी जोडलेल्या कर्जदारांच्या गटाला २५ टक्के. तुमच्या बँकेला लावलं तर ९ कोटी आणि १५ कोटी. शिवाय निम्मी कर्जं छोटी हवीत. छोटी म्हणजे २५ लाख किंवा टियर-१ च्या ०.४ टक्के, यातलं जास्त असेल ते, वर ३ कोटींची कमाल. ६० कोटींचे ०.४ टक्के २४ लाख होतात, म्हणजे तुमच्याकडे २५ लाखच लागू. ४२० पैकी २१० कोटी या आतल्या कर्जांत असायला हवेत.

या मर्यादा गटाला लागतात, सुताच्या भावाला नाही. चार कोटींची तीस खाती एकाच धंद्यात असतील तर नियम पाळलेला असतो आणि धोका जागच्या जागी असतो. तिथे मंडळात बसलेला वेगळ्या धंद्यातला माणूस कामाला येतो, कारण 'या वर्षी आपल्याकडे सुताशी जोडलेली एकूण कर्जं किती?' हा प्रश्न सुताशी संबंध नसलेला माणूस बेधडक विचारतो.

सरासरी

संशोधनाचं थोडक्यात मांडतो, कारण यावर समाजमाध्यमांवर फार सरधोपट लिहिलं जातं.

महिला संचालकांबद्दल सगळ्यात जास्त उद्धृत होणारा अभ्यास ॲडम्स आणि फेरेरा यांचा, २००९ चा, अमेरिकन कंपन्यांवरचा. मंडळात महिला जास्त असल्या की बैठकांना हजेरी सुधारते (पुरुष संचालकांचीही), आणि महिला देखरेख करणाऱ्या समित्यांवर जास्त दिसतात. पण कामगिरीवरचा सरासरी परिणाम उणे निघाला. जिथे आधीच कडक देखरेख होती तिथे आणखी देखरेखीने नुकसान झालं, जिथे ढिलाई होती तिथे फायदा. हा दुसरा भाग लोक वाचत नाहीत.

बँकांपुरतं बोलायचं तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१८ च्या टिपणात अनेक देशांच्या बँका पाहिल्या. ज्या बँकांच्या मंडळावर महिलांचा वाटा जास्त, त्यांच्याकडे भांडवलाची उशी मोठी आणि थकीत कर्जांचं प्रमाण कमी. जगभरात बँकांच्या मुख्य कार्यकारी पदावर महिला २ टक्क्यांहून कमी आणि मंडळाच्या जागांवर २० टक्क्यांहून कमी, हेही त्यातलंच.

याच्या उलट बर्गर, किक आणि शेक यांचा जर्मन बँकांवरचा अभ्यास (माहिती १९९४ ते २०१०). तिथे कार्यकारी मंडळ तरुण झालं की जोखीम वाढली, महिलांचा वाटा वाढला तेव्हाही किंचित वाढली, आणि पीएचडीधारक आले तेव्हा घटली. नव्याने आलेल्या महिलांना कार्यकारी पदाचा अनुभव कमी होता, हे त्यामागचं एक कारण त्यांनी दिलं आहे.

सहकारी बँकवाल्यांनी खरं तर स्पेनच्या काहांचा अभ्यास पाहावा. काहा म्हणजे स्थानिक बचत बँका, भागधारक नाहीत, मंडळावर स्थानिक राजकारणी, ठेवीदार, कर्मचारी. कुन्यात आणि गारिकानो यांनी दाखवलं की ज्या काहांच्या अध्यक्षाला बँकिंगचा अनुभव नव्हता आणि पदव्युत्तर शिक्षण नव्हतं, त्यांच्याकडे बांधकाम क्षेत्राची कर्जं जास्त होती आणि २००८ नंतर थकबाकीही जास्त झाली. मंडळावर सगळ्या घटकांचं प्रतिनिधित्व कायद्याने होतंच. तरी अध्यक्षाला बँकिंग येतं की नाही याने फरक पडला.

आणि एक इशारा. विविधता आणि कमी एनपीए एकत्र दिसले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नाही. सशक्त बँकेकडे चांगले लोक यायला तयार होतात. बुडत्या बँकेवर सीए बसायला धजत नाही, कारण जबाबदारी अंगावर येते. म्हणजे बाण उलट्या दिशेनेही जातो. एका बँकेच्या एका वर्षाच्या अहवालावरून कार्यकारणभाव काढू नका. तीच बँक, मंडळ बदलण्याआधीची तीन वर्षं आणि नंतरची चार वर्षं, अशी तुलना जास्त प्रामाणिक.

पोटनियम

कायद्याची बाजू. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या बँकेला तीन थर लागू होतात आणि तीनही थरांत 'विविधता' वेगळ्या अर्थाने येते.

पहिला, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०. समिती (म्हणजे संचालक मंडळ) जास्तीत जास्त २१ जणांची. महिलांसाठी २ जागा राखीव. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, आणि भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्ग यांना प्रत्येकी एक. शिवाय दोन तज्ज्ञ संचालक स्वीकृत करता येतात, त्यांना पदाधिकाऱ्यांच्या निवडीत मत नाही. हे प्रतिनिधित्व आहे.

दुसरा, बँकिंग नियमन अधिनियमाचं कलम १० अ. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते सहकारी बँकांना लागू झालं. मंडळाच्या किमान ५१ टक्के सदस्यांकडे लेखाशास्त्र, शेती व ग्रामीण अर्थव्यवस्था, बँकिंग, सहकार, अर्थशास्त्र, वित्त, कायदा, लघुउद्योग यांपैकी एखाद्याचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा. १७ चे ५१ टक्के ८.६७, म्हणजे ९ जण. त्यातले किमान दोघे शेती-ग्रामीण अर्थव्यवस्था, सहकार किंवा लघुउद्योग यांतले. ही पात्रता झाली.

पळवाट इथेच आहे. 'सहकार' हा विषय यादीत असल्यामुळे दहा वर्षं पतसंस्थेवर संचालक असलेला कोणीही अनुभवी ठरवता येतो. 'शेती व ग्रामीण अर्थव्यवस्था' तर सातबारा दाखवून भागवलं जातं. त्यामुळे १७ पैकी १७ तज्ज्ञ आणि एकालाही ताळेबंद वाचता येत नाही, असं मंडळ नियमात बसू शकतं.

त्याच कलमात पुढची अट आहे, ती कमी वाचली जाते. बहुमतात मोजल्या जाणाऱ्या या तज्ज्ञांचा लघुउद्योग सोडून अन्य व्यापारी किंवा औद्योगिक कंपनीत भरीव हितसंबंध नको, आणि ते अशा व्यवसायाचे मालकही नकोत. 'भरीव' ची रकमेची मर्यादा ५ लाखांची होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती २ कोटी झाली.

तिसरा थर व्यवस्थापन मंडळाचा. ३१ डिसेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने १०० कोटी आणि त्यावर ठेवी असलेल्या बँकांना संचालक मंडळाखेरीज व्यवस्थापन मंडळ नेमावं लागतं. किमान ५, जास्तीत जास्त १२ सदस्य, मुख्य कार्यकारी अधिकारी मताधिकाराशिवाय. कर्जप्रस्तावांवर तज्ज्ञ मत देणं, वसुली, अंतर्गत नियंत्रण ही त्याची कामं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने ही कल्पना मांडली ती यासाठीच: निवडून आलेल्यांनी धोरण ठरवावं, बँकिंगचं काम जाणकारांनी पाहावं. तुमची बँक ६०० कोटींची आहे, म्हणजे तिथे हे मंडळ असलंच पाहिजे. संचालकांच्या फोटोंवर वेळ घालवण्याआधी ती यादी बघा.

धोटा

थोडा विरोध नोंदवतो. या चर्चेत 'बाहेरचा तज्ज्ञ' म्हटलं की तो चांगला आणि 'धंद्यातला संचालक' म्हटलं की तो संशयित, असा सूर लागतोय. कापड धंद्यातल्या कर्जांचं एक उदाहरण देतो.

सायझिंग युनिटला कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज) आहे. महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ८० लाखांचं सूत आणि बीमं (सूत गुंडाळलेले रूळ) दाखवली आहेत, धनको (मालाचं देणं) २० लाख. २५ टक्के मार्जिन धरलं तर उचल मर्यादा (८० − २०) × ७५ टक्के, म्हणजे ४५ लाख. सीए कागद तपासेल, बेरीज बरोबर आहे, पास. पण सायझिंगमध्ये पडलेलं सूत बरेचदा सायझिंगवाल्याचं नसतंच, ते जॉबवर्कसाठी आलेलं दुसऱ्याचं असतं. समजा त्यातलं ३० लाखांचं सूत व्यापाऱ्याचं आहे. मग उचल मर्यादा (५० − २०) × ७५ टक्के, म्हणजे २२.५ लाख. निम्मी. आणि तोच माल सूत व्यापाऱ्याने त्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही दाखवलेला असतो, कदाचित त्याच बँकेत. एकाच गाठीवर दोनदा कर्ज.

हे पकडायला जॉबवर्कची चलनं मागावी लागतात, आणि ती मागायची हे ज्याने धंदा केलाय त्यालाच सुचतं. गटाचंही तसंच. तीन वेगळ्या नावांच्या फर्म, तीन वेगळे मालक, पण गोडाऊन एक, दिवाणजी एक आणि मालक साडू-मेहुणे. पॅन क्रमांकावरून ते जोडता येत नाहीत. गावातल्या संचालकाला ते पाच मिनिटांत माहीत असतं. स्थानिक माणूस काढून पुण्या-मुंबईचे निवृत्त बँक अधिकारी बसवले तर ही माहिती कुठून आणणार?

तारणगहाण

@धोटा, बीमांचं उदाहरण अगदी नेमकं आहे, आणि ते मंडळात हवंच. अडचण दुसरीकडे आहे. ज्याला हे माहीत असतं त्याचा त्या माणसाशी धंदाही असतो. तोच सूत पुरवतो, त्याचीच उधारी अडकलेली असते, आणि बँकेचं कर्ज मंजूर झालं की त्याची उधारी सुटणार असते. माहिती आणि हितसंबंध एकाच खिशातून येतात.

रिझर्व्ह बँकेने संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांचा हितसंबंध असलेल्या फर्मना कर्ज द्यायला बंदी केलेली आहे, २००३ पासून. फेब्रुवारी २०२१ च्या परिपत्रकाने ती अधिक स्पष्ट केली. स्वतःच्या मुदत ठेवीवर किंवा विमा पॉलिसीवर कर्ज, असे मोजके अपवाद. पण व्यापारातलं येणं-देणं हे नातं त्या व्याख्येत बसतंच असं नाही. संचालकाचा मोठा गिऱ्हाईक हा नातेवाईक नव्हे.

म्हणून मंडळात दोन्ही हवेत आणि त्यांचं काम वेगळं ठेवायला हवं. धंद्यातल्या संचालकाने जे माहीत आहे ते लेखी द्यावं: या कर्जदाराशी माझा व्यवहार आहे का, किती येणं आहे, याच्या जोडीच्या फर्म कोणत्या, माल कुठे असतो. एक पान. ते प्रस्तावाला जोडायचं. आणि निर्णयाच्या वेळी त्याने खोलीबाहेर जायचं. इतिवृत्तात वेळेसह नोंद: अमुक संचालक विषय क्र. ७ च्या वेळी बाहेर गेले, गणपूर्ती उरलेल्या अमुक जणांची. ज्या बँकांत ही नोंद वर्षभरात एकदाही सापडत नाही तिथे एक तर कोणाचाच कोणाशी व्यवहार नाही, जे छोट्या शहरात अशक्य आहे, किंवा नोंद होत नाही.

जाई_सनदी

लेखापरीक्षणाच्या बाजूने दोन गोष्टी.

महिला संचालकांबद्दल वर चर्चा झाली, पण 'किती' पेक्षा 'कुठे' हे बघा. राखीव जागांवरच्या दोघींना बहुतेक ठिकाणी बचतगट, सभासद कल्याण, हळदीकुंकू, वर्धापनदिन या समित्या दिल्या जातात. कर्ज समिती, लेखापरीक्षण समिती, वसुली समिती यांत नाव नसतं. मग मंडळात महिला आहेत पण जोखमीच्या निर्णयात नाहीत. अशा बँकेची आकडेवारी घेऊन 'महिला संचालकांमुळे एनपीएवर फरक पडला नाही' असा निष्कर्ष काढणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. त्यांना मोजलं, पण विचारलं नाही. आणि पाच जणांच्या समितीत एकच महिला, तीही पहिल्या वर्षात, तर प्रस्ताव वाचून विरोध नोंदवायला फार बळ लागतं. दोघी असल्या की एकीने मांडलेला मुद्दा दुसरी उचलते आणि तो इतिवृत्तात येतो.

महाराष्ट्रात महिला सहकारी बँका आहेत. पुण्याची भगिनी निवेदिता बँक १९७४ ची, म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ ची. लिंगाच्या मोजमापाने अशा मंडळाची विविधता शून्य येते, कारण सगळ्याच महिला. म्हणजे एका निकषाचा आकडा घेऊन मंडळाला चांगलं-वाईट ठरवू नये.

दुसरी गोष्ट, एनपीएच्या टक्केवारीवर विसंबू नका. उदाहरण करून दाखवते. वर्षारंभी एकूण कर्जं ४०४ कोटी, त्यात एनपीए २४ कोटी, म्हणजे ५.९४ टक्के. वर्षभरात १५.२ कोटींची नवी खाती थकीत झाली. वसुली आणि सुधारलेली खाती ९.२ कोटी. निर्लेखन (वसूल न होणारं कर्ज हिशेबातून काढून टाकणं) १२ कोटी. वर्षअखेर एनपीए २४ + १५.२ − ९.२ − १२ = १८ कोटी. कर्जं ४२० कोटी, म्हणजे ४.२९ टक्के. अहवालात 'एनपीएमध्ये भरीव घट' असं येईल. पण आरंभीच्या ३८० कोटी चांगल्या कर्जांपैकी १५.२ कोटी, म्हणजे ४ टक्के, एका वर्षात बिघडली. मंडळाच्या कर्जनिर्णयांचा दर्जा मोजायचा तर हा ४ टक्के आकडा घ्या. निर्लेखन हा तरतुदीचा विषय, निवडीचा नाही.

सभासद_सांगली

जाईताई, हे आकडे अहवालात कुठे सापडतील? आणि विविधता मोजायला काही सूत्र आहे का?

सरासरी

सूत्राचं मी सांगतो, अहवालातली जागा ताई सांगतील.

ब्लाऊ निर्देशांक वापरतात. प्रत्येक गटाचा वाटा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज १ मधून वजा करायची. सगळे एकाच गटातले असतील तर ०, जितके विखुरलेले तितका १ च्या जवळ.

तुमच्या १७ जणांचा व्यवसाय समजा असा: व्यापारी ९, बांधकाम ३, सीए २, वकील १, शेतकरी १, शिक्षक १. वर्गांची बेरीज ८१ + ९ + ४ + १ + १ + १ = ९७. १७ चा वर्ग २८९. ९७ ÷ २८९ = ०.३४. निर्देशांक ०.६६. बरा वाटतो.

आता तेच १७ जण पॅनलनुसार मोजा. १५ एका पॅनलचे, २ दुसऱ्या. २२५ + ४ = २२९. २२९ ÷ २८९ = ०.७९. निर्देशांक ०.२१. माणसं तीच.

कर्जनिर्णयाच्या दृष्टीने दुसरा आकडा जास्त बोलतो, कारण पुढच्या निवडणुकीत तिकीट कोणाकडून मिळणार यावर विरोधाचं मत अवलंबून असतं. सीए असो की शिक्षक, पॅनलप्रमुखाने आणलेला प्रस्ताव अडवणं त्यांना जड जातं. म्हणून तीन मोजमापं वेगवेगळी काढा: व्यवसाय, पॅनल किंवा कुटुंब, आणि मंडळावर किती वर्षं आहेत. ती एकत्र मिसळून एकच गुण काढू नका, त्यात सगळं झाकलं जातं.

जाई_सनदी

@सभासद_सांगली, ताळेबंदामागच्या टिपा उघडा. ऑगस्ट २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार नागरी बँकांना बरंच उघड करावं लागतं. एनपीएच्या हालचालीचा तक्ता असतो: आरंभीची शिल्लक, वर्षातली भर, वसुली, निर्लेखन. वरचं गणित त्यातून निघतं. त्याच्या पुढे एकवटण्याचे तक्ते: वीस सर्वांत मोठ्या कर्जदारांचा एकूण कर्जांतला वाटा, आणि वीस सर्वांत मोठ्या थकीत खात्यांचा एकूण एनपीएतला वाटा. क्षेत्रवार कर्जं आणि त्या त्या क्षेत्रातला एनपीएही.

वाचताना हे दोन वाटे शेजारी ठेवा. वीस मोठ्या कर्जदारांचा वाटा कर्जांत १८ टक्के आणि वीस मोठ्या थकबाकीदारांचा वाटा एनपीएत ७० टक्के असेल, तर बिघाड शाखेने दिलेल्या छोट्या कर्जांत नाही. तो मुख्य कार्यालयात, कर्ज समितीने आणि मंडळाने मंजूर केलेल्या मोठ्या कर्जांत आहे. मंडळाच्या रचनेवर प्रश्न विचारायचा आधार हाच.

वर्गीकरण आणि तरतुदीतल्या तफावतीची टीपही शोधा. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालेला एनपीए बँकेने दाखवलेल्यापेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर जास्त असेल तर ती छापावी लागते. ती टीप आली असेल तर लेखापरीक्षण समितीवर कोण होतं, ते बघाच.

धोटा

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचं काय मग? तिथे नियम, लेखापरीक्षक, सगळं होतं.

तारणगहाण

पीएमसीच्या उदाहरणात विविधतेची मर्यादा स्पष्ट दिसते. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदारांना आधी फक्त १,००० रुपये काढता येत होते. एचडीआयएल या बांधकाम व्यवसायातल्या समूहाकडे ६,५०० कोटींच्या वर कर्ज, एकूण कर्जांच्या ७० टक्क्यांहून जास्त. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष पूर्वी त्या समूहाच्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीनुसार ४४ खाती लपवायला २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

मंडळापुढे येणारी यादीच खोटी असेल तर सतरा वेगवेगळ्या विचारांचे लोक बसवूनही ते तीच खोटी यादी वाचतील. तिथे उपयोगी पडतं ते माहितीचा स्रोत वेगळा ठेवणं. वीस मोठ्या कर्जदारांची यादी मुख्य कार्यकाऱ्याच्या टेबलावरून टाइप होऊन येता कामा नये. ती समवर्ती लेखापरीक्षकाने (वर्षभर चालू व्यवहार तपासणाऱ्याने) कोअर बँकिंगमधून, म्हणजे बँकेच्या संगणक प्रणालीतून, स्वतः काढावी, आणि त्याच दिवशीच्या सामान्य खातेवहीतल्या कर्जाच्या बेरजेशी जुळवून दाखवावी. खात्यांची संख्या, एकूण रक्कम आणि व्याज जमा झालेली रक्कम, तिन्ही जुळली पाहिजेत. ज्या खात्यांवर कर्जाची रक्कम आहे पण वर्षात एकही व्यवहार नाही, त्यांची वेगळी यादी. मंडळात माहिती तंत्रज्ञान कळणारा एक माणूस असला तर तो हे मागतो. आत्ताच्या बहुतेक मंडळांत सीए सापडतो, वकील सापडतो, पण कोअर बँकिंगचा अहवाल स्वतः काढून बघू शकणारा सापडत नाही. माझ्या मते राहिलेली सगळ्यात मोठी पोकळी ही आहे.

पोटनियम

मुदतीबद्दल कोणी लिहिलं नाही. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा होती, ती १ ऑगस्ट २०२५ पासून दहा वर्षं झाली, अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक वगळून. अनेक मंडळांत एकाच पॅनलचे दहा-बारा जण एकाच वर्षी आलेले असतात, म्हणजे जातीलही एकाच वर्षी. मग २०१९ मध्ये पुनर्रचना केलेलं कर्ज कोणत्या अटींवर केलं होतं, तारणातला कोणता तुकडा मोकळा केला, जामीनदार का बदलला, हे सांगणारा मंडळात कोणी उरत नाही. नवे लोक तेच खातं पुन्हा पुनर्रचित करतात. निवडणुकीच्या व्यवस्थेत टप्प्याटप्प्याने निवृत्ती आणणं अवघड आहे, पण व्यवस्थापन मंडळाच्या नेमणुका बँकेच्या हातात आहेत. तिथे दरवर्षी दोघे बदलतील अशी मुदत ठरवता येते. पोटनियमात तसा उल्लेख करून घ्या.

सभासद_सांगली

वार्षिक सभेत सभासद म्हणून नेमकं काय मागता येईल? इतिवृत्त दाखवतील का?

पोटनियम

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्तही सभासदाला पाहता येतं. त्याशिवाय सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद, समिती सदस्यांची यादी आणि तुमच्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी मिळतात. कलम ७५ खाली समिती सदस्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचं विवरण सभेपुढे ठेवणं बंधनकारक आहे, ते आवर्जून मागा.

बाकी प्रश्न सभेच्या आधी लेखी पाठवा, कारण आयत्या वेळी उठून विचारलं की 'माहिती घेऊन कळवतो' यावर विषय संपतो. प्रश्न छोटे आणि आकड्यात उत्तर येईल असे ठेवा. कर्ज समितीचे सदस्य कोण आणि ते किती वर्षं त्याच समितीवर आहेत? वर्षभरात किती प्रस्तावांच्या वेळी संचालक हितसंबंधामुळे बाहेर गेले? किती प्रस्तावांवर विरोधी मत नोंदलं गेलं? व्यवस्थापन मंडळाने नकारात्मक शेरा दिलेले किती प्रस्ताव संचालक मंडळाने तरीही मंजूर केले, आणि त्यातले आज किती थकीत आहेत? यात कोणत्याही कर्जदाराचं नाव मागितलेलं नाही, त्यामुळे गोपनीयतेचं कारण देता येत नाही.

जाई_सनदी

शेवटच्या प्रश्नात एक दुरुस्ती सुचवते. 'आज किती थकीत' ऐवजी 'किती खाती ३० दिवसांपेक्षा जास्त थकलेली किंवा पुनर्रचित आहेत' असं विचारा. ९० दिवस पूर्ण व्हायच्या आत हप्ता भरायला दुसरं कर्ज देऊन खातं चालू दाखवलं जातं आणि नुसत्या एनपीएच्या आकड्यात ते येत नाही. विशेष उल्लेखित खात्यांचे (थकलेली, पण ९० दिवस न उलटल्याने अजून एनपीए न ठरलेली) तीन टप्पे आहेत, ३०, ६० आणि ९० दिवसांपर्यंतचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातली रक्कम मार्चअखेर आणि जूनअखेर अशी दोन्ही मागा. मार्चला ४ कोटी आणि जूनला ११ कोटी असं दिसलं तर मार्चमधली वसुली कशी झाली, हा पुढचा प्रश्न.

सभासद_सांगली

दोन्ही तारखांचे आकडे मागणारं पत्र तयार करतोय. व्यवस्थापन मंडळाची यादी अहवालात पान ३८ वर सापडली. सहा जण आहेत, त्यातले चार संचालक मंडळावरचेच. कर्ज समितीतले तिघेही त्या चारांत आहेत.

तारणगहाण

मग पत्रात पहिला प्रश्न हाच घाला: जो प्रस्ताव कर्ज समितीने शिफारस केला, त्यावर व्यवस्थापन मंडळात तज्ज्ञ मत देणारे आणि संचालक मंडळात मंजुरी देणारे हेच तिघे होते, असे वर्षभरात किती प्रस्ताव, आणि एकूण किती रकमेचे?